इंजिन बदललेली जुनी जीप घाटात तापते: रेडिएटरवर पैसे घालण्याआधी

तक्रार ठरलेली आहे. जुनी फोर बाय फोर हौसेने उभी केली, मूळ इंजिन कामातून गेलं होतं म्हणून दुसरं बसवलं, पत्र्याचं काम झालं, रंग झाला. देवगडहून नांदगाव तिठ्यापर्यंत गाडी झकास चालते. पुढे फोंडा घाट लागला आणि मागे आंब्याच्या पेट्या असल्या, की टेंपरेचरचा काटा चढायला लागतो आणि निम्म्या घाटात बॉनेट उघडून उभं राहावं लागतं. वर दाजीपूरला पोचलं की पुन्हा सगळं ठीक. मेस्त्रीकडे न्यावी तर उत्तर तयार असतं: "इंजिन मोठं बसवलंत, रेडिएटर लहान पडतो." मग नवा रेडिएटर येतो. थंडीचे दिवस बरे जातात आणि एप्रिल उजाडला की काटा परत तिथेच.

मी महिंद्राची एमएम 540 जीप धरून लिहितोय, कारण आपल्याकडे बागायतदारांच्या गोठ्यात, मांगरात याच जास्त सापडतात. हिचं मूळ इंजिन प्यूजोचं एक्सडीपी 4.90, म्हणजे 2112 सीसीचं डिझेल, 62 हॉर्सपॉवर, तीही 4500 आरपीएमला. त्याचे सुटे भाग आता शोधत फिरावे लागतात. म्हणून बरेच जण महिंद्राचंच 2523 सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन, बसवून घेतात. ते इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या घराण्यातलं. गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारासुद्धा न घाबरता उघडतो, आणि सामान कणकवलीत मिळून जातं. तुमची गाडी वेगळी असेल, इंजिन वेगळं असेल, तरी खालचा तर्क लागू पडतो. (आरसीवर नवा इंजिन नंबर चढवला नसेल तर ते आधी उरका. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. पंधरा वर्षांनंतरच्या रिन्यूअलला गाडी दाखवायला नेल्यावर चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर बघतात, आणि तेव्हा धावपळ करण्यात मजा नाही.)

आता "रेडिएटर लहान पडतो" याबद्दल. मला हे पटत नाही, आणि कारण सरळ आहे. एक्सडीपीमध्ये डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या जाड झाकणातल्या, एका छोट्या कप्प्यात पेट घेतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. म्हणून तर सकाळी त्याला हीटर प्लग लागतात. त्या कप्प्याच्या भिंतींतून बरीच उष्णता पाण्यात जाते. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं. पाण्यात जाणारी उष्णता कमी, आणि वाचलेली उष्णता कामाला लागते, म्हणूनच अ‍ॅव्हरेज वाढतं. म्हणजे साधारण तेवढ्याच ताकदीचं डीआय त्याच रेडिएटरवर उलट थंड चालायला हवं. टर्बोवालं बसवून वर डिझेलचा पंप वाढवून घेतला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खरोखर जास्त उष्णता निघते. पण साधं डीआय तापत असेल तर दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतो आणि रेडिएटरच्या मापातही नसतो. एका गाडीसाठी बनलेलं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना ज्या दहा गोष्टी जुळवून घेतल्या, त्यातली एखादी जुळलेली नसते.

तापते कधी, ते आधी लिहून काढा

"गाडी तापते" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कधी तापते यावरून निम्मं निदान होतं.

चढावर, हळू चालताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि सपाटीला वेग घेतला की उतरते, तर हवा कमी पडतेय. पंखा, पंख्याभोवतीचं कव्हर आणि रेडिएटरची जाळी बघायची. उलट गावात, बाजारात ठीक पण हायवेला सत्तरच्या पुढे गेलं की तापते, तर हवा भरपूर आहे, पाणी फिरत नाहीये. तिथे नळ्या चोंदलेल्या, खालचा पाइप आवळला जातोय किंवा पाण्याचा पंप संपलाय. थंड इंजिन चालू केल्यावर दोन-पाच मिनिटांतच काटा उडी मारत असेल तर एवढ्या वेळात एवढं लोखंड तापत नाही. तिथे पाण्यात हवा अडकलीय किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. आणि रात्री हेडलाइट लावल्यावरच तापत असेल तर गाडी तापतच नाहीये.

काटा खरं बोलतोय का

शेवटच्या प्रकारापासून सुरुवात करतो, कारण आपल्या किनाऱ्यावर तो फार आढळतो आणि त्याच्यापायी लोकांनी चांगली हेडं उतरवून घेतलेली आहेत.

मीटर जुन्या गाडीचा, पण इंजिनातला टेंपरेचरचा बल्ब, म्हणजे मीटरला तापमान कळवणारा सेन्सर, नव्या इंजिनासोबत आलेला. दोघांची जोडी जुळलेली नसते. बल्बचा रेझिस्टन्स मीटरच्या हिशेबात बसत नसेल तर ऐंशी अंशालाही काटा लाल पट्ट्यात जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाणी उकळेपर्यंत मधेच उभा राहील. मीटर आणि बल्ब एकाच जोडीचे घ्या. जुना बल्ब नव्या इंजिनाच्या आट्यांना बसत नसेल तर लेथवाल्याकडून पितळी बुश करून घ्या. काम छोटं आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, बॉडी चेसिसवर रबरी पॅडवर, वर नुकताच जाड रंग मारलेला. इंजिन बदलताना ब्लॉकपासून चेसिसला येणारी विणलेली तांब्याची पट्टी काढली जाते आणि पुष्कळदा परत लागतच नाही. लागली तरी खारं वारं तिचं दोन पावसाळ्यांत हिरवं पीठ करून टाकतं. मग करंट मिळेल त्या वाटेने जातो. ओळखायची खूण अशी: पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच अ‍ॅक्सिलेटरच्या केबलला हात लावा. केबल कोमट लागली तर स्टार्टरचा करंट तिच्यातून परत येतोय. याच वाटेवर मीटरचं अर्थिंग असेल तर हेडलाइट, वायपर, हॉर्न काहीही लावलं की काटा वर किंवा खाली सरकतो.

मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरं ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर लावा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. तीन जोड हवेत: बॅटरीपासून ब्लॉकला, ब्लॉकपासून चेसिसला, चेसिसपासून बॉडीला. बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळू नका.

काट्यावर विश्वास न ठेवता खरं तापमान बघायचं तर हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. तो स्वस्तात मिळतो आणि पुढच्या सगळ्या तपासणीला लागणार आहे. फक्त तो चकचकीत पितळेवर किंवा अ‍ॅल्युमिनियमवर कमी दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या तुकड्यावर नेम धरा.

पंखा

खरंच तापत असेल आणि चढावरच तापत असेल तर इथे थांबा. बहुतेक गाड्यांचं दुखणं इथेच निघतं.

जुनं एक्सडीपी फिरायला हलकं. घाटात दुसऱ्या गिअरला ते आरामात 3000 आरपीएम घेतं. डीआय खालच्या आरपीएमला जोर देतं, त्यामुळे तोच घाट आपण 2000ला, तेही तिसऱ्यात, चढवायचा प्रयत्न करतो. पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. तेवढाच पंखा 3000 ऐवजी 2000ने फिरला की हवा दोनतृतीयांश. पाण्याचा पंपही तसाच मंदावतो. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त तयार होत असताना थंड करणारं सगळं ढिलं पडलेलं असतं. यावर फुकटचा उपाय म्हणजे गिअर उतरवणे. इंजिन घुमायला लागायच्या आत दुसऱ्यात घ्या. तेवढ्याने काटा उतरत असेल तर निदान पक्कं झालं, हवाच कमी आहे.

आता बॉनेट उघडून पंखा आणि रेडिएटर यांच्यातलं अंतर मोजा. इंजिन बदलताना गिअरबॉक्सला जुळवण्यासाठी ते इंच-दोन इंच मागे बसतं, किंवा उंच असल्यामुळे पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्याला न येता वरच्या टाकीपाशी येतो. पंखा तीन-चार इंच लांब आणि भोवती कव्हर नसेल तर तो बॉनेटखालची गरम हवाच घुसळत बसतो, जाळीतून ओढत नाही. यावर नवीन रेडिएटर बसवून काय होणार?

कव्हर हवंच. मूळ मिळालं नाही तर पत्रेवाल्याकडून जी.आय. पत्र्याचं करून घ्या. रेडिएटरच्या चारी कडांना टेकलेलं, मधे गोल, आणि पात्याच्या टोकापासून साधारण इंचभर जागा सोडलेलं. त्याहून जवळ नको, इंजिन माउंटिंगवर हलतं तेव्हा पातं लागेल. पात्याची निम्मी रुंदी कव्हरच्या आत आणि निम्मी बाहेर यायला हवी. पंखा पुढे घ्यायला स्पेसर लावावा लागला तर हरकत नाही, पण तो लेथवर नीट केंद्रात केलेला असू दे. वेडावाकडा स्पेसर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो.

एक बारीक गोष्ट हमखास सुटते. पंखा उलट्या तोंडाने बसवला तरी तो हवा त्याच बाजूला फेकतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण पुष्कळ कमी फेकतो. पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी. सगळं झाल्यावर गाडी स्लोला ठेवून रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचं पान धरा. ते जाळीला चिकटून राहायला हवं. कोपऱ्यात चिकटतं आणि मधे पडतं, किंवा वर धरतं आणि खाली सोडतं, तर कव्हर अजून नीट नाही.

वॉल काढून टाकूया?

कुठल्याही गॅरेजात मिळणारा दुसरा सल्ला: "तो वॉल काडून टाकूया, गाडी थंड चलतली." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. काढू नका. बायपास म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरण्याची वाट. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना ही वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग गरम पाण्यातला एक भाग रेडिएटरकडे न जाता पंपातून परत इंजिनातच फिरतो. सपाटीला गाडी नको तितकी थंड चालते, डिझेल नीट जळत नाही, आणि घाटात, जिथे सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, तिथे ते जात नाही.

थर्मोस्टॅटची शंका असेल तर काढून टोपात पाण्यात सोडा आणि गॅसवर ठेवा, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास, समजा 82ला, तो हलायला लागला आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला तर ठीक आहे. तुमच्या इंजिनाचाच घ्या. दिसायला सारखा पण बायपास बंद करणारी खालची चकती नसलेला बसवला तर परत तेच.

खालचा पाइप आणि अडकलेली हवा

एका बागायतदाराच्या गाडीत नवा रेडिएटर, नवा पंप, सगळं बसवून झालं होतं, तरी हायवेला गाडी तापायची. बॉनेट उघडून, बाहेरूनच अ‍ॅक्सिलेटर ओढून इंजिन रेस केल्यावर खालचा पाइप डोळ्यांदेखत चपटा झाला. अ‍ॅक्सिलेटर सोडला की परत गोल. खालच्या पाइपातून पंप पाणी ओढतो. तिथे दाब नसतो, ओढ असते. मूळ पाइपात म्हणून तारेची स्प्रिंग असते. इंजिन बदलताना माप जुळेना म्हणून दुकानातून कुठला तरी मऊ पाइप कापून लावलेला. स्लोला तो गोलच दिसतो, त्यामुळे उभ्या गाडीत दोष सापडत नाही. वळण जास्त असेल तर मधे लोखंडी नळीचा बाक टाका आणि दोन्ही टोकांना छोटे कडक रबरी तुकडे लावा.

हवा अडकण्याचं कारण उंची. डीआय बसल्यावर थर्मोस्टॅटचं घर रेडिएटरच्या तोंडापेक्षा वर येत असेल तर पाणी भरताना हवा इंजिनाच्या डोक्यातच राहते. रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो आणि हेडमध्ये पाणीच नसतं. पाणी भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, पुढची चाकं जितकी वर तितकं बरं. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. दर खेपेला असं करणं जिवावर आलं तर कायमचा उपाय म्हणजे इंजिनापेक्षा उंच जागी, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर), वेगळी टाकी बसवायची. दाबाचं झाकण तिच्यावर जातं, थर्मोस्टॅटच्या घरावरून बारीक नळी तिच्यात वरून येते आणि तिच्या तळातून एक नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला जाते.

झाकणाचंही तेवढ्यात बघा. रबर कडक झालं असेल तर दाब धरत नाही. दाब नसला तर घाटमाथ्यावर साधं पाणी शंभरच्या दोन-तीन अंश आधीच उकळतं. 0.9 बारचं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी 118च्या आसपास तग धरतं. मात्र जुन्या पितळी रेडिएटरवर एकदम जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने झाळलेले जोड सुटतात. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे पुन्हा सांगायला नको. पावसाळ्यात घाटात कडेला धबधबे वाहत असतात, त्यातलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतण्याचा मोहही आवरा. हेडला तडा जातो.

कुसळं, चिखल, मचूळ पाणी

सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, गाडी फिरत असेल तर दिवाळीनंतर जाळी बघाच. वाळलेल्या गवताची कुसळं जाळीच्या बारीक पात्यांमध्ये घुसतात, त्यावर तांबडी धूळ बसते आणि पहिल्या दवात तिचा गिलावा होतो. पुढून दिसत नाही. टॉर्च इंजिनाच्या बाजूने धरा आणि पुढून बघा, उजेड कुठे येत नाही ते कळेल. धुवायचं ते इंजिनाकडून पुढे, साध्या पाइपाने. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर पाती आडवी पडतात आणि आहे ती हवाही बंद.

आतून पाणी कुठलं घालता? खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरला विष आहे, त्यातलं मीठ पितळही खातं आणि झाळही. आपल्याकडे गोठत नाही म्हणून कूलंट लागत नाही हा समज सोडा. ते इथे गंज थांबवायला हवं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

तरीही तापत असेल तर

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, इंजिन चालू करा आणि तोंडात बघा. हवा काढून झालेली असतानाही बुडबुडे येतच राहिले, किंवा झाकण लावल्यावर मिनिटभरातच, पाणी अजून गार असताना, वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केट. हेड उतरवल्यावर प्लेन करून घ्या. सेकंडहँड इंजिन कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आलेलं असेल तर ते आधी कुणी किती तापवलंय ते कळायला मार्ग नसतो.

काळा धूर सोडत घाट चढत असेल तर डिझेल पंप वाढवलेला आहे किंवा टायमिंग मागे आहे, पंपवाल्याकडे न्या. आणि एक सोपी गोष्ट: चिखलातून निघताना लावलेला फोर बाय फोरचा लिव्हर डांबरी रस्त्यावर तसाच तर राहिला नाही ना? या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. पुढची-मागची चाकं वळणावर एकमेकांशी भांडतात आणि ते भांडण इंजिन ओढतं. ब्रेक ड्रम धरत असतील तरी तेच. थांबल्यावर चारी ड्रमवर थर्मामीटर मारा, एखादा बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर सापडलं.

हे सगळं तपासून झालं तर मग रेडिएटर. थर्मामीटर जाळीवर आडवा-उभा फिरवा. मधेच गार पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. टाक्या चांगल्या असतील तर आधी रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळी घालून सफाई, करून घ्या. नळ्या पातळ झाल्या असतील तर नवा तांब्याचा कोअर, म्हणजे मधली नळ्यांची जाळी, टाका. चार ओळींचा जाड कोअर घ्यायचा आग्रह दुकानदार करेल. पंखा तोच असेल तर जाड कोअरमधून हवा ओढणं त्याला जड जातं, म्हणून मूळ जाडीचाच घ्या, पण पाती दाट नकोत, नाहीतर पुढच्या मोसमात कुसळं काढत बसाल. आणि नवा कोअर लावण्याआधी ब्लॉक रिकामा करा. बाजूचा ड्रेन कॉक उघडला तरी पाणी येणार नाही, आतून गंजाने बंद असतो. कॉक पूर्ण काढून भोकात तार घाला, तांबडा गाळ पडायला लागेल, मग वरून पाइप लावून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. तो गाळ आत राहिला तर पहिल्याच घाटात नव्या नळ्यांत जाऊन बसतो.